खांबाला लागलेला चेंडू

पेनल्टी मारायला आलेला मुलगा माझ्याच वयाचा होता. मसूरकडचा, कराडच्या एका कॉलेजात शिकणारा. हे मला नंतर कळलं. त्या वेळी मला फक्त त्याचे हात दिसत होते. चेंडू चिखलाने माखला होता. त्याने तो जर्सीला पुसला, परत पुसला, आणि चुन्याची खूण पावसात वाहून गेली होती म्हणून पंचांनी बुटाने दाखवलेल्या जागेवर ठेवला. साल 1993, 25 सप्टेंबर, शनिवार. साताऱ्यातलं एक मैदान आणि शिवाजी विद्यापीठाच्या सातारा विभागाचा अंतिम सामना. आम्ही कोरेगावकर एक-शून्यने पुढे होतो. पाच मिनिटं उरली होती. आमच्या बॅकच्या हाताला चेंडू लागला होता, त्यात वाद घालण्यासारखं काही नव्हतं.

मी गोलकीपर. त्या काळच्या नियमाप्रमाणे चेंडू मारला जाईपर्यंत गोलकीपरने रेषेवर पायसुद्धा हलवायचे नाहीत. चोवीस फूट रुंद आणि आठ फूट उंच चौकटीत खिळून उभं राहायचं. पूर्वेला ढगांत जरंडेश्वराचा डोंगर होता. दिसत नव्हता, पण कुठे आहे ते मला माहीत होतं. मी मनात म्हणालो, ‘मारुतीराया, ह्याचा चेंडू बाहेर जाऊ दे.’

चेंडू माझ्या उजवीकडच्या खांबाला लागला आणि बाहेर गेला. मी हललोही नव्हतो. लोखंडी पाइपाचा तो आवाज मला आजही ऐकू येतो. आम्ही जिंकलो. पोरांनी मला उचललं, चिखलात लोळवलं. आणि तेवढ्यात मी त्या मुलाकडे पाहिलं. तो पेनल्टीच्या जागेवर उकिडवा बसला होता आणि जमिनीवरचा बुटाचा ठसा बोटाने सारखा करत होता.

मी मागितलं काय होतं? मला झेप घ्यायचं बळ दे, माझी नजर चेंडूवर राहू दे, असं काही मी म्हणालो नव्हतो. ते म्हणालो असतो तर कदाचित ही गोष्ट मी विसरूनही गेलो असतो. मी मागितलं होतं की त्या मुलाच्या हातून चूक व्हावी. माझ्या प्रार्थनेत मी कुठेच नव्हतो. होता तो एकटा तो, आणि त्याचं बिघडावं अशी इच्छा. शेजाऱ्याच्या पिकावर रोग पडावा म्हणून कुणी देवापुढे हात जोडले तर गावात आपण त्याला काय म्हणतो, ते सगळ्यांना माहीत आहे. मैदानावर मात्र हीच गोष्ट श्रद्धा म्हणून चालून जाते.

आमचा संघ कसा होता ते सांगायला हवं. कोरेगाव तालुक्यात फुटबॉल रुजलेला नव्हता, आजही फारसा नाही. इकडची पोरं कबड्डी, खो-खो आणि कुस्ती यांतली. आम्हाला फुटबॉल लावला तो आमच्या सरांनी. सर कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतले. कोल्हापुरात तालमींनीच फुटबॉलचे संघ उभे केले हे बाहेरच्यांना सांगितलं की खरं वाटत नाही. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार, बालगोपाल ही सगळी नावं एका बाजूला लाल मातीच्या आखाड्याची आणि दुसऱ्या बाजूला शाहू स्टेडियमची. सर त्या वातावरणातून आले, नोकरीला कोरेगावात लागले आणि येताना पोत्यात तीन चेंडू घेऊन आले.

आम्ही पंधरा जण. त्यांतले अकरा शेतकऱ्यांचे. आमच्या भागातला वाघ्या घेवडा आता बाहेरही नावाजला आहे, 2016 साली त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. फिकट दाण्यावर वाघाच्या अंगासारखे तांबूस पट्टे. पण तेव्हा आम्हाला त्याचं एकच महत्त्व होतं: तो जूनमध्ये पेरायचा आणि विद्यापीठाच्या स्पर्धा तोंडावर आल्या की नेमका काढणीला यायचा. दोन बॅक आणि एक हाफ सप्टेंबरभर सकाळी शेतात घेवडा उपटत आणि दुपारी चारला कंबर धरत सरावाला येत. पाऊस आला तर वाळत घातलेले वेल झाकायला पळत. सर त्यांना कधी रागावले नाहीत. ते म्हणायचे, “घरचं उरकून या. अर्ध्या मनानं आलेला गडी मला नको.”

सामन्याआधी सर नारळ फोडायचे. तो मैदानाच्या मधल्या वर्तुळात फोडायचे आणि दोन्ही संघांतल्या पोरांना खोबरं द्यायचे. एकदा आमच्या कॅप्टनने आपल्या गोलपोस्टशी नारळ ठेवला, तर सरांनी तो उचलायला लावला. “मैदानाची पूजा करायची मर्दा. खांबाची न्हाई.” त्यांनी याहून जास्त कधी समजावलं नाही. मी खांबाशीच प्रार्थना करून बसलो तेव्हा हे वाक्य मला आठवलं नव्हतं. चेंडू खांबाला लागल्यावर आठवलं.

घरी गेलो तर आईने ओवाळलं. मग तिने सांगितलं की तिचाही नवस होता. विभागाची स्पर्धा पोरगं जिंकू दे, शनिवारी अनवाणी डोंगर चढून तेल वाहीन. जरंडेश्वराला श्रावणी शनिवारी पायऱ्यांवर माणसांची रीघ असते. द्रोणागिरी नेताना मारुतीच्या हातून निसटलेला तुकडा म्हणजे हा डोंगर, असं आमच्याकडे सांगतात. आईचे गुडघे तेव्हापासूनच दुखत होते. माझ्या एका वाक्यापायी आणि तिच्या एका वाक्यापायी तिला आता डोंगर चढायचा होता.

अनंत चतुर्दशी बुधवारी, 29 तारखेला झाली. रात्री आम्ही गणपती वसनेत पोचवून उशिरा आलो आणि मेल्यासारखे झोपलो. सकाळी रेडिओवर किल्लारीचं नाव पहिल्यांदा ऐकलं. पहाटे चारला चार मिनिटं कमी असताना भूकंप झाला होता. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतली गावं, तीही माणसं गणपती बुडवून दमून झोपलेली असताना. आकडे दुपारपर्यंत वाढत गेले, संध्याकाळपर्यंत आणखी. शेवटी बावन्न गावं उद्ध्वस्त झाली आणि सुमारे दहा हजार माणसं मेली. आई दिवसभर एकच बोलत होती. 1967 साली कोयनेचा भूकंप झाला, तोही पहाटेचा. तेव्हा ती नवी नवरी होती आणि सासऱ्यांनी सगळ्यांना अंगणात काढलं होतं. “आपल्या भिंती बी दगडमातीच्याच हैत,” ती म्हणाली आणि भिंतीवर हात टेकवून उभी राहिली. किल्लारीकडे माणसं मेली ती भूकंपापेक्षा त्या जाड दगडमातीच्या भिंतींनी आणि माळवदांनी. ऊन-पावसापासून राखणारं घरच अंगावर आलं.

त्या गुरुवारी माझ्या मनात एक हिशेब सुरू झाला, तो पुढे अनेक वर्षं चालू राहिला. पाच दिवसांपूर्वी मी देवाला एक चेंडू सहा इंच बाजूला सरकवायला सांगितलं होतं आणि तो सरकला होता. देवानेच सरकवला असं मी धरलं, घरच्यांनी धरलं, पोरांनी धरलं. मग जो साताऱ्यात चेंडू सरकवतो, त्याला किल्लारीत एक तुळई धरता आली नाही? त्या गावांतही मारुती होते. वेशीवरच होते. त्या रात्रीही त्यांच्यापुढे दिवा लावून कुणी लेकराबाळांसाठी हात जोडलेच असतील. खांब देवाच्या खात्यावर मांडायचा तर किल्लारीही तिथेच मांडावी लागेल. आणि किल्लारी तिथे मांडायला माझा हात धजत नव्हता. मग खांबही मला तिथून खोडावा लागत होता.

देवाने चांगलं केलं ते देवाचं, वाईट झालं ते नशिबाचं, ही सोय मी पुष्कळांना करताना पाहिली आहे. दुःखात माणूस ज्याचा आधार घेतो तो काढून घ्यायचा मला अधिकार नाही. पण मी दुःखात नव्हतो. मी जिंकलेला होतो. जिंकलेल्या माणसाने ही सोय वापरणं मला तेव्हाही गैर वाटलं आणि आजही वाटतं.

शुक्रवारी आम्ही संघातली सगळी पोरं कोरेगावच्या बाजारपेठेत हातगाडी घेऊन फिरलो. लोक दारात उभे राहून वाट बघत होते. ज्वारी, घेवडा, चादरी, घोंगडी, लुगडी, कंदील. एका म्हातारीने पोटाशी धरून आणलेली पितळी कळशी दिली. सगळं टेम्पोत घालून साताऱ्याला नेलं. तिथे ट्रक भरले जात होते. पोती चढवायला एका बाजूने मी लागलो आणि दुसऱ्या बाजूने जो मुलगा लागला तो तोच. सहाच दिवस झाले होते. आम्ही एकमेकांना ओळखलं, काही बोललो नाही, आणि पंधरावीस पोती चढवली. पोतं दोघांनी उचलायचं तर हिसका एकाच वेळी द्यावा लागतो. तिसऱ्या पोत्यापासून आमचं जमलं.

चहाच्या वेळी मी त्याला सांगून टाकलं. म्हणालो, “तू बॉल ठेवलास तेव्हा मी मारुतीला म्हणालो होतो, ह्याचा बाहेर जाऊ दे.”

तो रागावला नाही. मसूरला समर्थांनी बसवलेल्या अकरांपैकी एक मारुती आहे, आणि तो रोज त्याच्यापुढूनच कॉलेजला जायचा. तो म्हणाला, “मी काहीच म्हणालो न्हवतो. बॉल ठिवला आन् कडंला आमचे दादा उभं दिसले. कधी आलं न्हवते म्याच बघायला. तेवढंच डोक्यात आलं.” मग चहा संपवून म्हणाला, “जोरात मारायला नको हुता. वल्ला हुता बॉल.”

त्याने चेंडू देवावरही घातला नाही, नशिबावरही नाही. ओला होता, जोरात मारायला नको होता. त्याचं त्याने उचललं आणि पुढच्या पोत्याला हात घातला. हरलेला होता तो. पण त्याचा सामना शनिवारी संपला होता आणि माझा संपला नव्हता.

मी गेली पंचवीस वर्षं हायस्कूलमध्ये मराठी शिकवतो आहे. गीतेतला फळाच्या अधिकाराचा श्लोक आमच्याकडच्या बऱ्याच क्रीडा-समारंभांत ऐकवला जातो, आणि त्याचा अर्थ बहुधा असा सांगितला जातो की जिंकण्या-हरण्याकडे लक्षच देऊ नका. मैदानात उभं राहिलेल्याला हा अर्थ पटणार नाही. गोल व्हावा अशी आस नसलेला फॉरवर्ड समोर आला तर माझ्या गोलकीपर असण्याला काही अर्थच उरत नाही. तो सहज चेंडू ढकलणार आणि मी सहज उचलणार. त्या मसूरच्या मुलाने जीव तोडून मारला म्हणून तर माझी छाती धडधडली. आपण ज्याला प्रतिस्पर्धी म्हणतो तो आपल्याला त्याची पूर्ण इच्छा देत असतो, आणि आपली पूर्ण इच्छा त्याच्यासमोर ठेवणं हे आपलं देणं असतं. कुणी एकाने हात आखडता घेतला की खेळ तिथेच मेला. पैसे घेऊन हरणारा खेळाडू आपल्याला इतका घाण का वाटतो? त्याने फळाची आशा सोडलेली असते म्हणून. म्हणजे नुसती फळाची आशा सोडणं ही मोठी गोष्ट नव्हे.

टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात 1910-11 च्या हिवाळ्यात गीतारहस्य लिहिलं, ते 1915 मध्ये छापून आलं. गीता माणसाला कामातून उठवत नाही, कामात घालते, हे त्यांनी किती प्रकारे मांडलं आहे! विनोबा 1917 साली आमच्याच जिल्ह्यात, वाईच्या प्राज्ञपाठशाळेत, शिकायला होते. 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली. फळ सोडणाऱ्याचं काम ढिलं होत नाही, उलट जास्त नेटकं होतं, कारण फळाच्या विचारात जाणारी शक्तीही कामातच लागते, असं त्यांचं सांगणं. हे मला पेनल्टीइतकं दुसरीकडे कुठे पटलेलं नाही. चेंडूकडे बघायच्या त्या दोन सेकंदांत मी जरंडेश्वराकडे बघत होतो. माझी नजर चेंडूवर असती तर मी हललो तरी असतो.

ज्ञानेश्वरीच्या दुसऱ्या अध्यायात माउलींनी सांगितलं आहे ते याच जागी उपयोगी पडतं. हाती घेतलेलं काम तडीला गेलं तर फार हरखायचं नाही, अर्ध्यात राहिलं तर चडफडायचं नाही. नीट वाचलं की लक्षात येतं, हे दोन्ही काम झाल्यानंतरचं आहे. काम चालू असताना मन कोरडं ठेवा असं तिथे म्हटलेलं नाही. इच्छा शिट्टीपासून शिट्टीपर्यंत. पूर्ण, तोंडाला फेस येईपर्यंत. आणि शेवटची शिट्टी वाजली की मुठीतून सोडून द्यायची. हे शेवटचं हरलेल्यापेक्षा जिंकलेल्याला जड जातं. हरलेल्याच्या हातात उरलेलं काही नसतंच. जिंकलेला मात्र फळ घेऊन घरी येतो, ओवाळून घेतो आणि देवानेच दिलं म्हणतो.

मग देवाकडे मागायचं काय? याबद्दल महाभारतातला एक प्रसंग मला फार जवळचा वाटतो. युद्धाआधी दुर्योधन आणि अर्जुन दोघेही द्वारकेला गेले. कृष्णाने एका बाजूला आपली सगळी सेना ठेवली आणि दुसऱ्या बाजूला शस्त्र न धरणारा स्वतः. अर्जुनाने त्या निःशस्त्र माणसाला मागून घेतलं, सेना दुर्योधनाला गेली आणि तो खूष झाला. म्हणजे देवाचं बळ एका संघाकडे आणि देव दुसऱ्या संघाकडे. पुढे लढाईत कृष्णाने काय काय केलं, रथाचं चाक रुतलेल्या कर्णावर बाण सोडायला कसा लावला, ते मला माहीत आहे आणि ते मला कधीच पचलेलं नाही. पण मागण्याचा तो क्षण स्वच्छ आहे. अर्जुनाने निकाल मागितला नाही, हत्यार मागितलं नाही. सोबत मागितली.

आमचे वडील माळकरी. शेती सांभाळून त्यांना पुरी वारी जमायची नाही, पण माउलींची पालखी लोणंदला आली की ते जायचे आणि फलटणपर्यंत चालायचे. नेण्यासारखा झाल्यावर त्यांनी मला चांदोबाच्या लिंबापाशी उभं रिंगण बघायला नेलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दिंड्या, मधून वाट, आणि त्या वाटेने दोन घोडे उधळत येतात. एकावर स्वार असतो. दुसऱ्यावर कुणी बसत नाही, तो माउलींचा. घोडे गेले की लोक टापांखालची माती उचलून कपाळाला लावतात. मी लहान होतो. मी विचारलं, “दादा, कोन जिकलं?” वडील हसले नाहीत. म्हणाले, “हितं जितायचं नसतं. पळायचं असतं.” घोडा मात्र जिंकायला निघाल्यासारखाच पळत होता. त्याने काही हातचं राखलेलं नव्हतं.

तुकोबांच्या गाथेत चेंडूफळीचे, हुतुतूचे, विटीदांडूचे अभंग आहेत. मुलांना हे सांगितलं की वर्गात गलका होतो. संतांना खेळ हा देवाधर्माच्या बाहेरचा वाटला नाही, गोकुळातला देव तर सवंगड्यांबरोबर खेळण्यातच रमलेला. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात तर प्रश्नच असा येतो की ज्याला काही कमी नाही त्या ब्रह्माने जग कशाला केलं, आणि उत्तर येतं, लीला म्हणून. कमी काहीच नाही म्हणूनच खेळ. आम्हा कोरेगावच्या पोरांना कमी पुष्कळ होतं. सहा जणांकडे स्टड होते, बाकीचे कॅनव्हासच्या बुटांत. पण त्या शनिवारी दुसऱ्या हाफच्या सुरुवातीला दहाएक मिनिटं अशी गेली की पाऊस कोसळत होता, ते अकरा आणि आम्ही अकरा, चेंडू चिखलात थबकत होता, आणि कुणीच काही ओरडत नव्हतं. मी एकटा माझ्या चौकटीतून बघत होतो. त्या दहा मिनिटांत मला काहीच मागावंसं वाटलं नाही. आयुष्यात इतकं भरलेलं मला फार कमी वेळा वाटलं आहे. देवाच्या जवळ गेलो असेन तर तेव्हा, खांबाच्या आवाजाच्या वेळी नव्हे.

विवेकानंदांचं फुटबॉलचं वाक्य सरांना आवडायचं. 1897 साली मद्रासच्या भाषणात त्यांनी तरुणांना सांगितलं की गीता वाचण्यापेक्षा फुटबॉल खेळून तुम्ही स्वर्गाच्या जास्त जवळ जाल. लोक एवढंच सांगतात आणि थांबतात. दंडात थोडं बळ आलं की तुम्हाला गीता जास्त चांगली कळेल, असं ते पुढे म्हणतात. माझ्या बाबतीत दंडाचं फारसं काही झालं नाही. पण गीतेचा तो श्लोक मला त्या चौकटीत उभं राहिल्यामुळे उलगडला हे खरं.

एक गाठ मात्र सुटलेली नाही, ती इथे लपवणार नाही. पुढे माझी मुलगी सहा वर्षांची असताना तिला मेंदूज्वर झाला. अकरा रात्री मी दवाखान्याच्या व्हरांड्यात काढल्या आणि प्रत्येक रात्री मागितलं. सोबत नव्हे, निकालच मागितला. ती बरी व्हावी. तेव्हा सगळा विचार गळून पडला होता. नंतर शांतपणे बसून पाहिलं तेव्हा एक फरक दिसला. मैदानावर माझं मागणं पुरं व्हायला कुणीतरी हरावं लागतं. तापातून लेकरू उठावं या मागण्याला कुणी हरावं लागत नाही. त्यामुळे त्या मागण्याची मला लाज वाटत नाही. पण दुसरा आक्षेप तसाच राहतो. शेजारच्या खाटेवरचं लेकरू गेलं, आणि त्याचा बापही माझ्याच बाजूला बसून तेच म्हणत होता. म्हणून माझी मुलगी देवाने वाचवली असं मी कुणालाही, अगदी तिलाही, कधी म्हटलं नाही. डॉक्टरांनी, नर्सनी, वेळेवर मिळालेल्या औषधाने वाचवली. त्या व्हरांड्यातल्या मागण्याला मी आता मागणं म्हणत नाही, हाक म्हणतो. अंधारात माणूस ‘आई गं’ म्हणतो तेव्हा आई पाच कोस लांब आहे हे त्याला माहीत असतं. तरी तो म्हणतोच. हाकेचा हिशेब ठेवता येत नाही, नवसाचा ठेवावा लागतो.

आंतरविभागीय स्पर्धा कोल्हापूरला होती. लाल एसटीने गेलो. कराड आलं तेव्हा सरांनी खिडकीतून हात करून गोळेश्वर कुठे ते दाखवलं आणि खाशाबा जाधवांची गोष्ट सांगितली. 1952, हेलसिंकी. जपानी मल्लाशी लांबलेली कुस्ती, मग पुरती विश्रांती न देता परत बोलावणं, आणि हरकत घ्यायला आपला एकही अधिकारी हजर नाही. ते उतरले, लढले, हरले आणि ब्राँझ घेऊन आले. सरांनी तात्पर्य सांगितलं नाही. “दमलेला गडी परत उतरला,” एवढंच दोनदा म्हणाले.

आम्ही चार-शून्यने हरलो. समोरच्या संघातली निम्मी पोरं पेठांतल्या तालमींची. चेंडू त्यांच्या पायाला चिकटून राहायचा. चौथा गोल पेनल्टीवर झाला. या वेळी मी कुठल्याही डोंगराकडे पाहिलं नाही. मारणाऱ्याच्या पायाकडे पाहिलं, मग चेंडूकडे. उजवीकडे झेपावलो, चेंडू डावीकडून गेला. उठलो तेव्हा तोंडात माती होती. मारणारा पोरगा पुढे आला, हात देऊन मला उठवलं आणि म्हणाला, “भारी उडी घातलीस, मित्रा.” मला आनंद झाला. हरताना एवढा आनंद होतो हे मला माहीत नव्हतं.

पण त्याच्या आधी, किल्लारीनंतरच्या शनिवारी, आईचा नवस फेडायचा होता. 2 ऑक्टोबर. मी तिला म्हणालो होतो, राहू दे, एवढं सगळं झालंय, देव काही म्हणणार नाही. ती म्हणाली, बोलले आहे तर जाणार. अनवाणी निघाली. मीही चपला काढल्या. पाऊस उघडला होता, पायऱ्यांवर शेवाळ होतं. दर वीस-पंचवीस पायऱ्यांना ती बसायची आणि गुडघ्यांवर हात फिरवायची. मी तेलाची बाटली आणि रुईच्या पानांची माळ धरून उभा राहायचो. वर पोचायला आम्हाला अडीच तास लागले.

तिने तेल वाहिलं, माळ घातली, आणि गाभाऱ्यासमोर बसून राहिली. बराच वेळ बसली. खाली कोरेगावच्या बाजूला शेतं दिसत होती, काढलेल्या घेवड्याची, काळी. आणखी पलीकडे, पूर्वेला, किल्लारी. तिथपर्यंत नजर पोचत नाही, पण आम्ही दोघंही त्याच दिशेला बघत होतो.

उतरताना मी विचारलं, “आई, आज काय म्हनलीस?”

“मागितलं हुतं त्ये फेडलं. आज काय मागितलं न्हाई. बसले निस्ती.”

अर्ध्या वाटेवर ती परत थांबली. पायरीवर बसली, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, “कोल्हापूरला किती दिस ऱ्हाणार तुमी?”

“तीन.”

“मग दशम्या देते. त्या टिकत्यात.”